डिझेलचे दहा रुपये जातात कुठे?

माझे मामा नारायणगावहून वाशीला पिकअपने टोमॅटो नेतात. संध्याकाळी शेताशेतांवरून कॅरेट उचलायचे, रात्री माळशेज उतरायचा आणि पहाटेच्या आत मार्केटला गाडी लावायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. २०२२ मध्ये २२ मार्च ते ६ एप्रिल या सोळा दिवसांत डिझेल चौदा वेळा वाढलं. मुंबईत ते ९४ रुपये १४ पैशांवरून १०४ रुपये ७७ पैशांवर गेलं. तेव्हा भाजीवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत जो तो भाव वाढवताना एकच कारण सांगायचा, "डिझेल वाढलंय ना." मी मामांना विचारलं, डिझेल दहा रुपयांनी वाढलं तर टोमॅटो किलोला किती वाढायला हवा? त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला.

येऊन-जाऊन साधारण सव्वातीनशे किलोमीटर. भरलेली जाते, रिकामी येते. सरासरी धरली तर फेरीला ३० लिटर डिझेल लागतं. लिटरमागे १० रुपये वाढले म्हणजे फेरीला ३०० रुपये जास्त. गाडीत ७५ कॅरेट, प्रत्येक कॅरेटमध्ये २० किलो, म्हणजे एकूण दीड हजार किलो माल. ३०० रुपये त्यावर वाटले की किलोमागे येतात २० पैसे.

मी तो हिशेब पुन्हा करून पाहिला. २० पैसेच येत होते. बाजारात मात्र कुठलीच गोष्ट २० पैशांनी महाग होत नाही. मग मधल्या मध्ये कोणी लुबाडतंय का? काही ठिकाणी तसंही होत असेल, पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. इंधनाची महागाई समजून घ्यायची असेल तर साखळीतल्या प्रत्येक माणसाबद्दल एक प्रश्न विचारावा लागतो: आपल्या अंगावर आलेला वाढीव खर्च याला पुढच्यावर ढकलता येतो का? ज्याला येतो तो ढकलतो. ज्याला येत नाही त्याच्या खिशातून तो जातो. पंपापासून आपल्या ताटापर्यंत हा प्रश्न सोबत ठेवून जाऊ.

सुरुवात पंपावरून. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो आणि ते मुख्यतः डॉलरमध्ये घेतो. एका पिंपात १५९ लिटर. पिंप १०० डॉलरला असेल आणि डॉलर ६० रुपयांना, तर कच्चं तेल लिटरला ३८ रुपयांच्या आसपास पडतं. पिंप तेवढंच ठेवा आणि डॉलर ७६ रुपये करा, की तेच लिटर ४८ रुपयांवर जातं. तेल एका पैशानं महाग न होता दहा रुपये वाढले, फक्त रुपया घसरला म्हणून. बातम्यांमध्ये तेलाचा भाव मोठ्या अक्षरांत येतो आणि रुपयाचा लहान अक्षरांत. आपल्या पंपासाठी दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहेत.

यावर शुद्धीकरण, वाहतूक, पंपमालकाचं कमिशन आणि मग कर. कर दोन तऱ्हेचे आहेत आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं. तेल महाग होवो की स्वस्त, ते तेवढंच राहतं. राज्याचा व्हॅट टक्केवारीत असतो. महाराष्ट्रात २०२४ पासून डिझेलवर तो २१ टक्के आहे, पेट्रोलवर २५ टक्के आणि शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. टक्केवारी असल्यामुळे मूळ भाव चढला की व्हॅट आपोआप चढतो, आणि तो उत्पादन शुल्क धरून आलेल्या किमतीवर लागतो. म्हणजे करावरही कर. २०२५ च्या मध्यावर मुंबईत डिझेल ९० रुपयांच्या आसपास होतं, त्यातले ३३ रुपये कर होता. पेट्रोलच्या १०३-१०४ रुपयांत ४५ रुपयांहून जास्त. मामांच्या एका फेरीला यातून जवळजवळ हजार रुपये सरकारांच्या तिजोरीत जात होते, कॅरेटमागे १३ रुपये. आपण वाढलेल्या दहा रुपयांवर भांडतो, पण आधीपासून आत बसलेला हा कर त्याहून मोठा आहे.

तो तिथे कसा बसला, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत जगभर गाड्या थांबल्या आणि भारत घेतो त्या कच्च्या तेलाचा भाव पिंपाला २० डॉलरवर आला. पंपावर ते स्वस्त तेल पोचलंच नाही. मे २०२० मध्ये केंद्रानं पेट्रोलवरचं शुल्क १० रुपयांनी आणि डिझेलवरचं १३ रुपयांनी वाढवलं. पंपावरचा भाव होता तिथेच राहिला. पुढे तेल महाग झालं तेव्हा त्या वाढीव कराच्या माथ्यावर महाग झालं. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली, ती अशी. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्रानं शुल्क कमी केलं, जुलै २०२२ मध्ये राज्यानं व्हॅट कमी केला. करोनात सरकारांचा महसूल आटला होता आणि पैशांची गरज होती, हे मी मान्य करतो. तरीही डिझेलवरचा कर मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. पेट्रोल ज्याच्या त्याच्या गाडीत जळतं. डिझेल जळतं ते मीठ, पीठ, विटा आणि औषधं वाहून नेताना. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही, तोही डिझेलवरचा कर भरतो.

आणखी एक गोष्ट इथे अडते. कारखान्याला कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत, म्हणून त्यांच्यावर भरलेल्या कराची वजावट कुणालाच मिळत नाही. तो कर मालाच्या खर्चात मुरतो, त्यावर नफा चढतो, पुढच्या टप्प्यावर जीएसटी चढतो.

(परभणी राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलसाठी गाजते त्यामागेही वाहतूक आहे. तिथलं इंधन सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या मनमाडच्या डेपोतून टँकरनं येतं. आणि सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात गेली की टाकी भरूनच परततात, कारण तिथला कर कमी.)

आता शेतावर चला, कारण टोमॅटो मामांच्या गाडीत चढण्याआधीच डिझेल पिऊन बसलेला असतो. नांगरट, रोटा, बेड पाडणं, सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरनं. एकरी रोटा मारायला पाच-सहा लिटर डिझेल धरलं तर दहा रुपयांच्या वाढीनं पन्नास-साठ रुपये वाढायला हवेत. ट्रॅक्टरवाला शंभर वाढवतो, कारण त्याचं ऑइल, टायर आणि हप्ताही आहे. मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, खुद्द कॅरेट, हे सगळं प्लास्टिक, आणि प्लास्टिकचं मूळ तेलात आणि नैसर्गिक वायूत. मजूर बायका गावातून शेतावर येतात त्या गाडीचं भाडं वाढतं. खतांचं गणित थोडं वेगळं आहे. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, वायू महाग झाला की युरिया महाग व्हायला हवा. पण ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांनाच मिळते. फरक केंद्र सरकार अनुदानातून भरतं. २०२२-२३ मध्ये खतांचं अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेलं. म्हणजे तिथला भार दुकानात दिसत नाही, पण तोही कुणाच्या तरी करातूनच भरला जातो.

या सगळ्याचा भार अंगावर घेऊन शेतकरी बाजारात येतो, आणि साखळी इथेच तुटते. वाशीला टोमॅटोचा भाव त्या दिवशी किती माल आला आणि किती गिऱ्हाईक आलं यावर ठरतो. तुझं डिझेल किती वाढलं, हे तिथे कोणी विचारत नाही. भाव फुटतो, म्हणजे जाहीर होतो, आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, येते. पट्टीत आधी भाडं वजा, हमाली वजा, तोलाई वजा, आणि खाली उरेल ते त्याचं. मामांनी त्या एप्रिलमध्ये कॅरेटचं भाडं ६० वरून ६५ केलं. हिशेबानं चार रुपये व्हायचे, त्यांनी पाच केले. ते पाच रुपये कुठल्याही गिऱ्हाइकानं दिले नाहीत. ते पट्टीतून वजा झाले. मामांना ते ठाऊक होतं आणि भाडं वाढवताना त्यांना ते लागलंही, कारण त्यांच्या गाडीत शेजारच्याच वावरातला माल असतो.

म्हणजे शहरातला माणूस "डिझेल वाढलं म्हणून भाजी महागली" म्हणतो, तेव्हा निम्मी गोष्ट सुटते. डिझेल वाढलं की भाजी पिकवणाऱ्याला कमी मिळतात आणि घेणाऱ्याला जास्त द्यावे लागतात. दोन टोकांच्या मधलं अंतर वाढतं.

घेणाऱ्याला जास्त का द्यावे लागतात? आमच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावशी पहाटे चारला वाशीला जातात, चार-पाच जणी मिळून टेम्पो करतात. डिझेल वाढल्यावर टेम्पोवाल्यानं गोणीमागे दहा रुपये वाढवले. गोणी ४० किलोची, म्हणजे किलोला २५ पैसे. पण मावशी किलोनं विकतच नाहीत, पावानं विकतात. पाव किलोचे दहा रुपये. २५ पैसे किलोला म्हणजे पावाला जेमतेम सहा पैसे. ते कसे मागणार? चार आण्याची नाणीसुद्धा २०११ मध्येच बंद झाली, आणि रुपया-दोन रुपयांसाठी सुट्ट्यांवरून गिऱ्हाइकाशी भांडण ओढवून घेणं त्यांना परवडत नाही. म्हणून त्या तीन-चार आठवडे स्वतः सोसतात. टेम्पो, पिशव्या, घरचा गॅस, पोराच्या शाळेची रिक्षा, सगळं साचत जातं, आणि एक दिवस पाव किलो दहाचा पंधरा होतो. किलोला एकदम वीस रुपये. आपल्याला वाटतं की ही लूट आहे. खरं तर ती साचलेल्या पैशांची उसळी आहे, आणि पाचच्या पटीतच वाढवता येतं म्हणून ती एवढी मोठी दिसते. कटिंग चहा, वडापाव, इस्त्रीचा कपडा, सायकलचं पंक्चर, सगळीकडे हेच.

तरीही माझा सल्ला असा की डिझेलची महागाई मोजायला टोमॅटो वापरू नका. जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत मुंबईत डिझेल ९४ रुपये २७ पैशांवर हललं नाही. त्याच काळात, जुलै २०२३ मध्ये, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा कॅरेट दोन हजारांच्या पुढे गेला आणि काही आठवड्यांत खाली आपटला. पाऊस, रोग आणि लागवड यांचा तो खेळ होता. जे वर जातं आणि खाली येतं त्याचं मुख्य कारण बहुतेकदा दुसरंच असतं. इंधनाची वाढ शोधायची तर वर जाऊन तिथेच बसलेल्या गोष्टींकडे पाहायचं.

पहिली गोष्ट भाडी. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं मार्च २०२१ मध्ये १८ चं २१ झालं, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६. यातलं एकही परत खाली आलं नाही. रिक्षा सीएनजीवर चालतात, आणि सीएनजीची एक हकीकत तर मी कधी विसरणार नाही. १ एप्रिल २०२२ ला राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत किलोचा भाव सहा रुपयांनी उतरून ६० वर आला. कर कमी करणं म्हणजे काय असतं ते रिक्षावाल्यांनी जेमतेम आठवडाभर अनुभवलं. दोन आठवड्यांच्या आत वायूच महाग झाला आणि भाव ७२ वर गेला, ऑगस्टमध्ये ८६. सरकारनं सोडलेले पैसे बाजारानं गिळले.

एसटीची गोष्ट याच्या उलट आहे. तिला भाडं वाढवायचं तर परवानगी लागते, म्हणून ती वाट पाहत बसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के भाडेवाढ झाली, पुढची थेट जानेवारी २०२५ मध्ये, १४.९५ टक्के. मधल्या तीन वर्षांत २०२२ चं महाग डिझेल येऊन गेलं. त्या मार्चमध्ये तर एसटीसारख्या घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरला २५ रुपयांनी महाग झालं आणि ज्यांनी स्वतःच्या टाक्या बांधून ठेवल्या होत्या त्यांनाच साध्या पंपावर रांग लावणं स्वस्त पडू लागलं. कोकणातल्या मच्छीमार सोसायट्यांनाही हाच फटका बसला. तीन वर्षं जो खर्च प्रवाशावर ढकलता आला नाही तो एसटीच्या तोट्यात साठला, आणि मग एका रात्रीत प्रवाशाच्या तिकिटावर उतरला. तालुक्याच्या कॉलेजला रोज एसटीनं जाणाऱ्या पोरांच्या घरी पंधरा टक्के एकदम जाणवतात.

दुसरी गोष्ट गॅस. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर मुंबईत जुलै २०२२ मध्ये १,०५२ रुपये ५० पैशांवर गेला होता; ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांनी उतरला. ही खाली आलेली दुर्मीळ गोष्ट. पण खानावळीत जळतो तो १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, त्याला अनुदान नाही, आणि २०२२ मध्ये तो दोन हजारांच्या वर होता. नंतर तो उतरला तरी खानावळीच्या थाळीचा दर उतरला नाही. शहरात खोली करून राहणाऱ्या मुलांच्या महिन्याच्या डब्यात ती वाढ अजून आहे.

तिसरी गोष्ट घराचा हप्ता. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. ४ मे रोजी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, ४ चा ४.४० झाला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५०. याचं कारण एकटं इंधन नव्हतं, युक्रेनच्या युद्धानं गहू आणि खाद्यतेलही महाग केलं होतं. पण इंधन त्यात मोठं होतं. वीस वर्षांच्या २५ लाखांच्या कर्जावर व्याज साडेसहाचं नऊ टक्के झालं की हप्ता १८,६०० वरून २२,५०० च्या आसपास जातो. ज्यांच्या बँकेनं हप्ता तोच ठेवला त्यांची मुदत वाढली. पंपावर शंभर रुपये जास्त गेले हे आपल्याला दिसतं; हे चार हजार त्याच खात्यातले आहेत, हे सहज ध्यानात येत नाही.

मग उतरताना काय होतं? तेल कंपन्यांनी २०२२ मध्ये भाव गोठवून ठेवले, म्हणून २०२२-२३ च्या पहिल्या सहा महिन्यांत तीन सरकारी कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींचा तोटा झाला. पुढे तेल उतरलं, पण पंपावरचा भाव तसाच राहिला आणि २०२३-२४ मध्ये त्याच तिघींचा नफा ८० हजार कोटींच्या घरात गेला. मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर लिटरमागे दोन रुपये कमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये तेल पुन्हा उतरलं, तेव्हा केंद्रानं शुल्क दोन रुपयांनी वाढवलं. भाव होता तिथेच. २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलण्याची पद्धत आहे. कागदावर ती दोन्ही बाजूंना चालते. प्रत्यक्षात २०२१ च्या नोव्हेंबरपासून २२ मार्चपर्यंत, उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, साडेचार महिने ती थांबली होती, आणि मग सोळा दिवसांत चौदा वेळा चालली. ढकलायला कोणाला येतं आणि कधी येतं, हे इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

मामांचं भाडं अजून ६५ आहे. दोन रुपये कमी झाले म्हणून त्यांनी ते ६४ केलं नाही, आणि शेतकऱ्यांनीही मागितलं नाही. तोवर टायर महाग झाले होते.

आमच्या इमारतीत चार घरी काम करणाऱ्या ताई शेअर रिक्षानं येतात. सीटचे दहा रुपये होते, २०२२ च्या उन्हाळ्यात पंधरा झाले. येताना पाच, जाताना पाच, महिन्याचे २६ दिवस: २६० रुपये. चार घरांत वाटले तर घरटी ६५. त्यांनी ते दिवाळीपर्यंत मागितले नाहीत, कारण पगार दिवाळीलाच वाढतो. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत १,५६० रुपये त्यांनी स्वतःच्या पदरचे भरले, आणि आमच्यापैकी एकाही घराला ते कळलं नाही.